नाव घालायला गेलो आणि चार तास बसलो : हॉलिडे मेंबरशिपचे तुमचे अनुभव सांगा

तिसरं_गेट

काल गणपतीसाठी माळा झाडायला घेतला तर मेलामाइनच्या डिनर सेटचा खोका हाताला लागला. सहा ताटल्या, सहा वाट्या, एक झाकण नसलेलं भांडं. सासूबाईंनी तो कधी ओट्यावर येऊ दिला नाही. 'चार तासांचा पगार' म्हणायच्या त्याला. खोका बघितला आणि सगळं डोळ्यासमोर आलं.

ह्यांनी लग्नाआधी, २०११ साली, हॉलिडे मेंबरशिप घेतलेली. बेळगावात सीपीएड मैदानावर प्रदर्शनात कुपन भरलं, आठ दिवसांनी 'तुमची निवड झाली' म्हणून फोन. पंचवीस वर्षांची, व्हाइट सीझन म्हणजे कमी गर्दीचे दिवस, वर्षाला कंपनीच्या रिसॉर्टमध्ये सात रात्री. एकटा जीव, घेऊन टाकली. २०१३ ला आमचं लग्न. दोनदा दोघं जाऊन आलो, काही अडलं नाही. मग मी आईबाबांना घेऊन जायचं ठरवलं, ह्यांचं बँकेत ऑडिट होतं, तेव्हा कळलं की सभासद सोबत नसेल तर मी 'गेस्ट'. गेस्टचे पैसे वेगळे. नवऱ्याच्या सुट्टीत बायको पाहुणी!

२०१५ मध्ये मेंबरशिपवर माझं नाव घालायला फोन केला. "जरूर सर, दोघं जोडीनं या, तिथंच अपडेट करून देऊ." हायवेवरच्या एका हॉटेलचा हॉल. नव्वद मिनिटं म्हणाले. अकराला गेलो ते साडेतीनला बाहेर. घरी वर्षाची पोर सासूबाईंकडे.

समोर बसलेला मुलगा आकडे उलटे लिहायचा. म्हणजे त्याच्या बाजूनं उलटे, आम्हाला सुलटे दिसावेत म्हणून. इतकी सफाई मी कुठल्या मास्तरातही बघितली नाही. व्हाइटचं रेड करा, म्हणजे जास्त गर्दीच्या दिवसांचं, एक लाख ब्याण्णव हजार, अठ्ठेचाळीस हप्ते, महिन्याला फक्त चार हजार. 'फक्त'भोवती दोन गोल. "दिवसाला एकशे तेहतीस रुपये मॅडम, एवढ्यात आजकाल येतं काय?" मी म्हटलं, आमच्या घरचं दूध आणि भाजी येते. तो हसला आणि परत ह्यांच्याकडं वळला. दर वीस मिनिटांनी कुठंतरी घंटा वाजायची, सगळे टाळ्या. कुणीतरी घेतली म्हणे. मी तीनदा विचारलं, नाव घालायचा फॉर्म कुठाय? "अपग्रेड केलं की नाव फ्री मॅडम." मग मॅनेजर आला. मग त्याचा मॅनेजर.

हे पेन हातात घेऊन बसलेले. चहावर साय धरलेली. कप उचलायला आलेल्या पोरानं माझ्याकडं न बघता हळूच म्हटलं, "अक्का, इवत्त सही माडब्याड्री." आज सही करू नका. टेबलावरच्या त्या साहेबांना कन्नड येत नव्हतं. मी उठले, म्हटलं पोर रडतेय, निघतो. डिनर सेट मात्र त्यांनी हातात कोंबला.

नाव शेवटी ईमेलनं घातलं गेलं. साधा एक पानी फॉर्म, ह्यांची सही, माझा फोटो, आधार, मॅरेज सर्टिफिकेट. कंपनीला एक रुपया द्यावा लागला नाही. अडीच महिने मात्र लागले, त्याची कथा वेगळी.

तुमचं काय झालं ते लिहा. स्वयंपाक व्हायचाय, नंतर येते.

निपाणीकर_भाऊ

कळंगुट. स्क्रॅच कार्ड. स्कूटीवरचं पोरगं, "सर जस्ट अ सर्व्हे". आपल्याला नेहमी टी शर्ट आणि सोबतच्याला 'फर्स्ट प्राइज'. लग्नाला सहा दिवस झालेले, बायकोच्या हातात हिरवा चुडा. चुडा दिसला की लांबूनच ओळखतात ते. समुद्र बघायचा सोडून दोन तास एसी हॉलमध्ये बसलो. घेतलं काही नाही, खरं बायको अजून ऐकवते की माझा हनिमून तू हप्ते ऐकण्यात घालवलास.

घटप्रभा_पॅसेंजर

@तिसरं_गेट अडीच महिन्यांची कथा सांगा की आधी

कुंदा_आणि_करदंट

डिनर सेट तरी मिळाला तुम्हाला. आम्हाला तीन दिवस दोन रात्रीचं व्हाउचर. अटी बघितल्या तर सणासुदीला चालत नाही, शनिवार रविवार चालत नाही, पंचेचाळीस दिवस आधी बुकिंग. कपाटात होतं, नंतर पोरानं त्याच्या मागच्या बाजूला हत्ती काढला.

मलप्रभाकाठ

मी ह्या धंद्यात होतो. शिव्या द्यायच्या आधी ऐका. डिग्री झाल्यावर नोकरी नव्हती, पावणेदोन वर्षं केलं. पगार नावाला, सगळं इन्सेंटिव्हवर.

जोडीनं का बोलावतात तर एकटा आला की "घरी विचारून सांगतो" म्हणून सुटतो. आमच्यात एकट्याला 'वन लेग' म्हणायचे, त्याला टेबलच द्यायचे नाहीत. "उद्या येतो" म्हणणारा 'बी बॅक', आणि बी बॅक कधी परत येत नाही हे आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवलेलं. म्हणून 'आजच'. दुसरा येतो तो टीओ, म्हणजे टेकओव्हर. पहिल्यानं गोड बोलायचं, दुसऱ्यानं किंमत पाडायची. पाडलेली किंमत आधीच ठरलेली असते.

आणि जुना सभासद नाव घालायला आला म्हणजे आमच्यासाठी लॉटरी. त्यानं एकदा पैसे दिलेत, परत देईल. फॉर्म ड्रॉवरमध्येच असायचा. शेवटपर्यंत काढायचा नाही.

घंटेबद्दल : कधी कधी कुणी घेतलेलं नसताना पण वाजायची.

निपाणीकर_भाऊ

@मलप्रभाकाठ मर्दा मग टाळ्या कुणासाठी वाजवल्या आम्ही

मलप्रभाकाठ

माझ्यासाठी 😅

शहापूरची_लेक

सगळे हसतायत, मला मात्र हसू येईना. बाबांनी घेतलेली. आईचं नाव घाला असं मी दर दिवाळीला म्हणायचे, बाबा म्हणायचे पुढच्या वेळी गेलो की तिथंच घालून येऊ. ते गेले, आणि दीड महिन्यानं आईच्या फोनवर मेंटेनन्सच्या (वर्षाच्या देखभाल फीच्या) थकबाकीचा मेसेज, बाबांच्या नावानं, 'डिअर मेंबर'. फोन केला तर आईशी बोलेनात, कारण ती खात्यावर नाही. पैसे मात्र तिनंच भरायचे.

नाडकचेरीतून, म्हणजे महसूल ऑफिसातून, वंशवृक्ष काढला, डेथ सर्टिफिकेट, आम्हा दोघा भावंडांची संमतीपत्रं, सगळं दोनदा पाठवलं. वर्ष गेलं. आईला कुठं जायचंही नाही. तिला फक्त ते पत्र यायचं बंद व्हायला हवं होतं.

कुंदा_आणि_करदंट

🙏 ताई, आई आता कशा आहेत?

शहापूरची_लेक

बरी आहे. अनगोळला माझ्याकडेच असते. आत्ता शेंगा सोलत बसलीय, विचारतेय कुणाशी बोलतेस एवढं.

टॅम्पातला_वडगावकर

इकडचं सांगतो, मूळ वडगावचा, सध्या फ्लोरिडा. इथं बऱ्याच जुन्या टाइमशेअरला (इकडची हॉलिडे मेंबरशिपच) डीड असतं, जमिनीच्या खरेदीपत्रासारखं. बायकोचं नाव घालायचं म्हणजे नवं डीड करून काउंटीत, म्हणजे जिल्ह्याच्या कचेरीत, नोंदवायचं, मग कंपनीला प्रत पाठवायची. हे मला नंतर कळलं. रिसेप्शनवरच्या बाईनं सांगितलं, 'ओनर अपडेट'ला बसा, ते करून देतील. अपडेट कसला, नवे पॉइंट्स घ्या म्हणून मागे लागले. आणि मी गाढव, सही केली.

आठव्या दिवशी अक्कल आली. फ्लोरिडाच्या कायद्यात सही केल्यावर दहा दिवसांत रद्द करता येतं, आणि हा हक्क तुमच्याकडून लिहून घेऊनसुद्धा काढता येत नाही. रद्दचं पत्र सर्टिफाइड मेलनं टाकलं, पावती अजून पाकिटात आहे. पैसे आले परत. बायकोचं नाव अजून घातलेलं नाही 😄

घटप्रभा_पॅसेंजर

आपल्याकडं पण आहेत काय हे दहा दिवस?

वकील_नसलेला_वकील

इथं करारात काय लिहिलंय ते बघायचं. आमच्या करारात सतराव्या पानावर बारीक अक्षरात मुदत होती, ती पण पैसे भरल्या तारखेपासून. भिंग लावून वाचा.

एक कुणी बोलत नाही म्हणून सांगतो. नाव घालताना कुठल्या रकान्यात घालताय ते बघा. फक्त वापरायला म्हणून नाव घालणं वेगळं आणि जॉइंट मेंबर करणं वेगळं. जॉइंट झालात की वर्षाचा मेंटेनन्स, त्यावरचा अठरा टक्के जीएसटी, थकला तर व्याज, सगळ्याला दोघं बांधील. खोलीत झोपायला तुम्हीच आणि नोटिशीत पण तुम्हीच. नॉमिनी ही तिसरीच गोष्ट. वरच्या ताईंच्या आईंना खात्यावर नाव नसणंच भोवलं.

आणि भांडायचं असेल तर मुंबई पुण्याला जायची गरज नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, लागू झाला २० जुलै २०२० ला. त्यात आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, करारात 'फक्त अमुक शहराचं कोर्ट' असं छापलेलं असलं तरी. पाच लाखांपर्यंतच्या रकमेला फी नाही. आधी १९१५ ह्या ग्राहक हेल्पलाइनला फोन करून बघा, कधी कधी तेवढ्यानंच फॉर्म ड्रॉवरमधनं बाहेर येतो.

निपाणीकर_भाऊ

तुम्ही वकील नाही तर मग कोण

वकील_नसलेला_वकील

किराणा. पण केस जिंकलोय एक, फ्रिजची.

तिसरं_गेट

आले. भात लावलाय. शहापूरची_लेक, आईंना माझा नमस्कार सांग गं.

अडीच महिने असे गेले. मॅरेज सर्टिफिकेट कन्नडमध्ये. पुण्याच्या ऑफिसातून ईमेल, "डॉक्युमेंट नॉट रीडेबल." स्कॅन स्वच्छ होता, वाचता येत नव्हतं त्यांना. मग डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिससमोर टायपिंगवाल्याकडून इंग्रजी भाषांतर, वर नोटरी. पाठवलं. मग म्हणे पत्ता जुळत नाही. मेंबरशिपच्या कागदावर 'बेलगाम', आधारवर 'बेळगावी'. १ नोव्हेंबर २०१४ ला गावाचं सरकारी नाव बदललं, त्याला मी काय करू? फोनवरची मुलगी म्हणाली, "मॅडम तुम्ही शिफ्ट झालात का?" मी म्हटलं, घर तिथंच आहे, तिसऱ्या गेटजवळ, गावच शिफ्ट झालं.

त्यात माझं पॅन माहेरच्या नावाचं. माहेर गडहिंग्लज. म्हणजे पॅन महाराष्ट्रातलं, लग्न कर्नाटकातलं, मेंबरशिप ह्यांची आणि नाव माझं. तीन कागदांवर मी तीन बायका.

कुंदा_आणि_करदंट

गावच शिफ्ट झालं 😂😂 हे फ्रेम करून लावा

घटप्रभा_पॅसेंजर

आम्ही घरात बेळगावच म्हणतो, बस चुकत नाही अजून.

जांबोटी_पावसाळी

विषयाला सोडून विचारतो, शनिवारी गोव्याला निघालोय, चोर्ल्यातून रस्ता कसा आहे? की आंबोलीवरून जाऊ? पोरांना उलट्या होतात.

निपाणीकर_भाऊ

आंबोलीला वळणं काय कमी आहेत काय. लिंबू ठेवा. आणि तिकडं कुणी स्क्रॅच कार्ड दिलं तर घेऊ नका 😄

टॅम्पातला_वडगावकर

चोर्ला वाचून घशात काहीतरी झालं. कणकुंबीला अजून तो गरम भजीवाला असतो का?

जांबोटी_पावसाळी

पावसात कधी पण जा, भजी आहेतच. आल्यावर फोन करा.

मलप्रभाकाठ

@तिसरं_गेट एक विचारू? त्या चहावाल्या पोराला नंतर कधी भेटलात?

तिसरं_गेट

गेले होते त्या हॉटेलात, नाव घातल्याची ईमेल आल्यावर. पेढे घेऊन. मॅनेजर म्हणाला, तो बैलहोंगलचा होता, गावी गेला परत. पेढे मग काउंटरवरच्या पोरींना दिले.

शहापूरची_लेक

आई म्हणतेय, डिनर सेट टाकू नकोस, गौरीच्या जेवणाला जास्तीची ताटं लागतात.

तिसरं_गेट

हो का! मग उतरवते. भांड्याला झाकण मात्र नाही, आधीच सांगते. शिट्टी झाली, पळते.

घटप्रभा_पॅसेंजर

तो एक पानी फॉर्म कुठल्या ईमेलवर मागायचा सांगा की कुणीतरी. हिचं नाव घालायचंय. हिला माहीत नाही अजून की मेंबरशिप आहे.

कुंदा_आणि_करदंट

😳 किती वर्षं झाली घेऊन?

घटप्रभा_पॅसेंजर

नऊ