निराशेच्या काळात मूलगामी बदलाची आशा : कोल्हापूरकरांचे अनुभव

कोल्हापुरात चळवळीत वावरणाऱ्या माणसांच्या बोलण्यात गेल्या काही वर्षांपासून थकवा जाणवतो. नोव्हेंबर २०२० मध्ये महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि पुढची पाच वर्षे शहराने प्रशासकाचा कारभार पाहिला. जून २०२३ मध्ये, ज्या शहराला आपण शाहूंची नगरी म्हणून मिरवतो त्याच शहरात, मोबाईलवरच्या स्टेटसचे निमित्त होऊन दगडफेक झाली. जुलै २०२४ मध्ये विशाळगडाजवळच्या गजापुरात घरांची मोडतोड झाली. ‘आता काही व्हायचं नाही’ हे वाक्य यानंतर इतक्यांदा कानी पडले की त्याची शहानिशा करावी असे वाटले, म्हणून हे अनुभव मागवत आहोत. केवळ सरकार बदलणे येथे अभिप्रेत नाही. जमीन, जात, पैसा, सत्ता आणि बाईचे स्थान यांची मांडणी मुळापासून बदलावी असे ज्यांना वाटते त्यांनी, ती बदलू शकते असे आपल्याला कशामुळे वाटले किंवा का वाटत नाही, ते लिहावे. नाव दिले नाही तरी चालेल, गाव आणि काम मात्र कळवावे. भाषण नको, एवढीच विनंती.

निवृत्त प्राथमिक शिक्षिका, शिवाजी पेठ

टोलविरोधी आंदोलन सुरू झाले तेव्हा ते तडीस जाईल असे आमच्या घरात कोणालाही वाटत नव्हते. रस्ते शहरातलेच, ते वापरणार शहरातलीच माणसे, आणि त्यासाठी वर्षानुवर्षे टोल भरायचा, हे कोणालाच पटत नव्हते. परंतु करार झालेला, रस्ते बांधणारी कंपनी मोठी, आणि सत्तेत कोणीही आले तरी उत्तर एकच. कृती समितीच्या सभांना मी जाऊ लागले ते शेतकरी कामगार पक्षाचे ज्येष्ठ नेते एन. डी. पाटील सर यांच्यामुळे. ऐंशी ओलांडलेला माणूस रस्त्यावर उतरतो आणि आपण घरात बसतो याची लाज वाटत असे.

नाक्यावरचा प्रसंग सांगते. मुलाच्या गाडीपुढे आडवा दांडा आला की आम्ही काच खाली करून ‘देणार नाही’ एवढेच म्हणायचे. मागे गाड्यांची रांग लागे, हॉर्न वाजू लागत, आणि खरी कसोटी तिथे असे, कारण मागच्या गाडीतला माणूस आपल्याला शिवी हासडेल की उतरून आपल्या शेजारी उभा राहील, हे आधी कळायला मार्ग नसे. सुरुवातीला शिव्याच मिळाल्या. पुढे केव्हातरी लोक उतरू लागले. नेमके केव्हा, हे मला आजही सांगता येणार नाही, आणि आंदोलनाच्या इतिहासात ती तारीख कोणी लिहून ठेवलेली असेल असेही वाटत नाही.

जानेवारी २०१४ मध्ये नाके पेटवले गेले, ते मला पटले नाही. फेब्रुवारी २०१५ मध्ये कम्युनिस्ट नेते कॉम्रेड गोविंद पानसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि त्यातच ते गेले. टोलविरोधी लढ्यातही ते अग्रभागी होते. त्याच वर्षाच्या अखेरीस टोल रद्द झाला, तो त्यांना पाहता आला नाही. कंपनीचे पैसे शेवटी सरकारी तिजोरीतूनच भागवले गेले, तेव्हा ही निर्भेळ जीत होती असे मी म्हणणार नाही. तरीही पेठेतल्या बायकांना एकदा ‘देणार नाही’ म्हणता आले, त्याचा उपयोग पुढे पाण्याच्या प्रश्नावर झाला.

खासगी शिकवणी घेणारा, सागरमाळ

पानसरे यांच्यावर हल्ला झाला तो सकाळी फिरून परतताना, त्यांच्या घराजवळ. त्यांच्या पत्नी उमाताई पानसरेही त्यात जखमी झाल्या. त्यानंतर आमच्या भागातल्या कित्येकांनी सकाळी फिरणे बंद केले. पुढे शहरात ‘निर्भय मॉर्निंग वॉक’ सुरू झाला. पहाटे जमायचे, गाणी म्हणत चालायचे आणि पांगायचे. मला सुरुवातीला हा कार्यक्रम भाबडा वाटला. खटला दहा वर्षांनंतरही रेंगाळतो आहे, म्हणजे चालून न्याय मिळाला नाही हे उघडच आहे. पण माझ्या वडिलांनी फिरायला जाणे पुन्हा सुरू केले. माझ्याकडे सांगण्यासारखे एवढेच आहे.

इतिहासाच्या प्राध्यापिका, राजारामपुरी

आपल्याकडे शाहू महाराजांचे नाव घेतले की श्रोते सैल होतात, कारण जे झाले ते एका राजाने केले आणि आता राजा नाही, असा सोयीस्कर निष्कर्ष काढता येतो. हा निष्कर्ष मला मान्य नाही. १८९४ मध्ये शाहूंनी कारभार हाती घेतला तेव्हा दरबारच्या ७१ जागांपैकी ६० जागांवर ब्राह्मण अधिकारी होते. १८९९ मध्ये वेदोक्त प्रकरण, म्हणजे वेदमंत्रांनी धार्मिक विधी करवून घेण्याच्या हक्काचा वाद, झाले आणि खुद्द छत्रपतीला शूद्र ठरवण्याचे धाडस त्यांच्याच पदरच्या पुरोहिताने केले. म्हणजे सिंहासनावर बसलेल्या माणसाच्याही हाती सगळी सत्ता नव्हती, ही गोष्ट आधी नीट ध्यानात घ्यायला हवी. २६ जुलै १९०२ रोजी, स्वतः इंग्लंडात असताना, त्यांनी यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखण्याचा हुकूम काढला, तेव्हा वृत्तपत्रांनी त्यांच्यावर टीकेची झोड उठवली.

हुकूम काढला तरी त्या जागांवर बसण्याजोगी शिकलेली माणसे हवीत, म्हणून वसतिगृहे आली. मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य अशा एकेका समाजासाठी. दसरा चौकातून रोज जाणाऱ्यांना त्या इमारती दिसतात, पण त्या एका राजकीय योजनेचा भाग आहेत हे फारसे कोणाच्या लक्षात येत नाही. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत झाले. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड होता, आणि त्या काळी एक रुपया थोडाथोडका नव्हे.

माझ्या विद्यार्थ्यांना मी गंगाराम कांबळे यांच्या चहाच्या दुकानाची हकीकत मुद्दाम सांगते. एका अस्पृश्य माणसाने भर वस्तीत हॉटेल काढले आणि तिथे कोणी फिरकेना. मग महाराज स्वतः तिथे चहा घेऊ लागले, आणि ज्याला महाराजांची सही हवी असेल त्याने तिथेच यावे असे झाले, असे सांगतात. कायद्याने जे उघडले जाते ते रोजच्या व्यवहारात चालू ठेवायला कोणीतरी तिथे जाऊन बसावे लागते. मार्च १९२० च्या माणगाव परिषदेत शाहूंनी अवघ्या २८ वर्षांच्या डॉ. आंबेडकरांकडे बोट दाखवून अस्पृश्यांना त्यांचा पुढारी मिळाल्याचे सांगितले. दोन वर्षांत शाहू गेले. महाडचा सत्याग्रह त्यानंतर पाच वर्षांनी झाला. १९२२ साली कोल्हापुरात बसून पुढचे काय दिसत असेल याचा विचार मी नेहमी करते. फार काही दिसत नसणार. १९५० मध्ये भाई माधवराव बागलांच्या पुढाकाराने बिंदू चौकात फुले आणि आंबेडकर यांचे पुतळे उभे राहिले, तोवर देशाला संविधान मिळाले होते आणि कोल्हापूर संस्थान विलीन झाले होते.

पूर्वी पूर्णवेळ कार्यकर्ता, सध्या किराणा दुकान, मंगळवार पेठ

वरचे लिखाण वाचून चीड आली, म्हणून लिहितो. टोल सगळ्यांनाच नको होता, व्यापाऱ्यांपासून सगळ्या पक्षांपर्यंत. ज्या मागणीला गावातले धनदांडगेही पाठिंबा देतात ती मूलगामी कशी? शाहूंचे नाव घेऊन निवडणुका लढवणारे जून २०२३ च्या दुपारी कुठे होते ते मी दुकानाचे शटर अर्धे ओढून पाहिले आहे. तरुण पोरे माझ्या डोळ्यांसमोर दुसऱ्या बाजूला गेली. त्यातली दोघे आमच्या अभ्यासवर्गाला येत असत. आशा बाळगा असे सांगणाऱ्यांनी त्या पोरांशी कोण बोलते आहे ते आधी सांगावे.

(हा मजकूर जसाच्या तसा दिला आहे. त्याला उत्तर द्यायचे तर अनुभवानेच द्यावे.)

अंगणवाडी सेविका, शिरोळ तालुका

आमच्या तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ च्या पहिल्या आठवड्यात विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. ते शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचे वर्ष होते आणि कोरोनात नवरा गमावलेल्या तरुण बायका गावोगावी होत्या. १७ मे रोजी शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हा कित्ता गिरवण्यास सांगितले. एका गावच्या ग्रामसभेचा कागद दोन आठवड्यांत राज्यभर जातो, ही गोष्ट मंत्रालयाचे उंबरे झिजवणाऱ्या आम्हा सेविकांना खरी वाटेना.

आमच्याही गावात ठराव झाला. त्यानंतरच्या पहिल्या मयतीला मी हजर होते. मृताची बायको ओट्यावर बसलेली, भोवती बायका, आणि बांगड्या फोडायला नेहमीची म्हातारी दगड हातात घेऊन आली. सरपंचबाई पुढे झाल्या नाहीत. ठरावावर त्यांचीच सही होती, पण त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. बोलली ती मृताची सासू. ‘ऱ्हाऊ द्यात तिच्या हातात,’ एवढेच ती म्हणाली आणि म्हातारीच्या हातातला दगड काढून घेतला. कुंकू मात्र पुसलेच. त्या सुनेला आज हळदीकुंकवाला बोलावतात, पण सगळ्या घरांतून नाही, आणि नवऱ्याच्या नावावरची जमीन तिच्या नावावर चढवण्यासाठी तलाठ्याकडे चाललेल्या फेऱ्या अजून संपलेल्या नाहीत. माझ्या मते खरा ठराव सातबाऱ्यावर व्हायला हवा. परंतु ज्या बाईचे हात रिकामे केले नाहीत ती सातबारा मागायला निघाली, हे मी पाहिले आहे. मंगळवार पेठेतल्या भावांना एवढे सांगावेसे वाटते की आमच्या गावात या मागणीला धनदांडग्यांचा पाठिंबा नव्हता.

ऊस उत्पादक शेतकरी, कागल तालुका

आमच्याकडे माणूस गटाचा असतो. कारखान्याचा गट, दूध संस्थेचा गट, सोसायटीचा गट. चेअरमनच्या मर्जीबाहेर गेलेल्याचा ऊस फडात वाळतो आणि तोड येते तेव्हा वजन घटलेले असते. हे कुठे लिहिलेले नसते, पण प्रत्येकाला ठाऊक असते. म्हणून आमच्या भागातला माणूस सभेत टाळ्या कोणासाठी वाजवायच्या ते आधी इकडेतिकडे पाहून ठरवतो.

नागपूर ते गोवा या ८०२ किलोमीटरच्या शक्तिपीठ महामार्गात बागायती जमिनी जाणार असे कळले, तेव्हा पहिल्यांदा दोन्ही गटांची माणसे एका सतरंजीवर बसली. माझ्या शेजारी जो बसला होता त्याच्याशी गेल्या सोसायटी निवडणुकीपासून माझे बोलणे नव्हते. आम्ही दोघांनी एकमेकांचे उतारे तपासून गट नंबर बरोबर आहेत का ते पाहिले. विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर कोल्हापूरपुरते भूसंपादन रद्द झाल्याचे जाहीर झाले आणि निवडणूक उरकल्यावर विषय पुन्हा वर आला, तेव्हा आम्हाला झुलवले गेले हे खरे आहे. पण मोजणीला माणसे आली की फोन कोणी कोणाला करायचा याची जी यादी आमच्या गावाने केली आहे, तिच्यात गट पाहिलेले नाहीत. ती यादी पुढे उसाच्या तोडीसाठी वापरता येईल का, हा विचार काही जणांच्या डोक्यात आहे. तो उघड बोलायला अजून भीती वाटते, आणि हे मी नाव न देता लिहितो आहे त्याचे कारणही तेच.

वकील, ताराबाई पार्क

मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात व्हावे ही मागणी सहा जिल्ह्यांनी चाळीस वर्षांहून अधिक काळ केली. उपोषणे झाली, कामकाजावर बहिष्कार झाले, आणि प्रत्येक मुख्यमंत्र्याने शिष्टमंडळाला आपण ‘सकारात्मक’ असल्याचे सांगितले. १७ ऑगस्ट २०२५ रोजी उद्घाटन झाले तेव्हा लढा सुरू करणारे कितीतरी ज्येष्ठ हयात नव्हते. ही क्रांती नव्हे, हे मला कळते. पक्षकाराचा मुंबईचा खर्च वाचला, इतकेच. मात्र चाळीस वर्षे एखादी मागणी बार असोसिएशनच्या विषयपत्रिकेवरून उतरू न देणे हे कंटाळवाणे काम कोणीतरी करत राहिले, आणि चळवळींना आज त्याच कामासाठी माणसे मिळत नाहीत.

विद्यार्थिनी, शिवाजी विद्यापीठ

मंगळवार पेठेतल्या काकांनी विचारले आहे की त्या पोरांशी कोण बोलते. आम्ही बोलतो, पण थोडे आणि वाईट पद्धतीने. आमच्या गटात बहुतेक जण वसतिगृहात राहणारे, स्पर्धा परीक्षेच्या फेऱ्यात अडकलेले. जून २०२३ नंतर आम्ही वस्तीतल्या एका तालमीत जाऊन शिवाजी महाराजांच्या सैन्यातील मुसलमान सरदारांवर बोललो. पहिल्या पंधरा मिनिटांत पोरे उठून गेली. त्यांना इतिहास नको होता. एकाने सरळ विचारले की नोकरीचे काय करणार ते सांगा. तेव्हापासून आम्ही तिथे भरतीचे अर्ज भरून देतो, जात पडताळणीच्या कागदपत्रांसाठी सोबत जातो. त्या रांगेत उभे असताना शाहूंच्या १९०२ च्या हुकमाचा विषय आपोआप निघतो आणि तेव्हा ऐकून घेतात. सगळे नाही. एक जण अजूनही मला रोज सकाळी द्वेषाचे संदेश पाठवतो आणि अर्जातली चूक दुरुस्त करून घ्यायला संध्याकाळी येतो.

आशा वाटते का, असे आईने विचारले तर मी विषय बदलते. आम्हाला सध्या हवी आहे ती दर रविवारी दोन तास बसता येईल अशी खोली, कारण कार्यक्रमाचा विषय ऐकून तीन ठिकाणी नकार मिळाला. काकांच्या दुकानाचा माळा रिकामा असल्यास कळवावे. भाडे देऊ, जास्त देता येणार नाही.