‘अमेरिकन रॉबिन’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : न्यू जर्सीत राहतो. मुलीला पक्ष्यांची नावे मराठीतून सांगायचा प्रयत्न चालू आहे. नारिंगी छातीचा, हिरवळीतून गांडुळे ओढून काढणारा अमेरिकन रॉबिन इथे सगळीकडे दिसतो. आपल्याकडे इंडियन रॉबिन म्हणजे चिरक आणि मॅगपाय रॉबिन म्हणजे दयाळ. मग याला ‘अमेरिकन चिरक’ म्हटले तर चालेल का?

उत्तर : नको. हा पक्षी कस्तूर, म्हणजे इंग्रजीतला थ्रश आहे. युरोपातून आलेल्या वसाहतकऱ्यांना त्याची तांबूस छाती पाहून मायदेशातला रॉबिन आठवला आणि तेच नाव त्यांनी याला दिले. युरोपातला तो रॉबिन जेमतेम १४ सेंटिमीटरचा, हा सुमारे २५. शास्त्रीय नाव टर्डस मायग्रेटोरियस, म्हणजे आपल्याकडच्या ब्लॅकबर्ड कस्तुराचीच प्रजाती (जीनस). गंमत अशी की युरोपातला रॉबिन, चिरक आणि दयाळ हे तिघे एका कुळातले. वेगळ्या कुळातला आहे तो फक्त हा अमेरिकन. उन्हाळ्यात घरट्यातून नुकतेच बाहेर पडलेले पिल्लू मुलीला जरूर दाखवा. त्याच्या छातीवर ठिपके असतात, आणि ठिपक्यांची छाती ही कित्येक कस्तुरांची खूण आहे. मी ‘नारिंगी छातीचा कस्तूर’ म्हणतो.

आणखी एक उत्तर : नाव आवडले, पण वॉशिंग्टन-ओरेगॉनकडच्या ओलसर सूचिपर्णी जंगलांत व्हेरिड थ्रश असतो. तोही कस्तूर, त्याचीही छाती नारिंगी. फक्त नराच्या छातीवर काळा आडवा पट्टा आणि डोळ्यावर नारिंगी भुवई असते. तिकडे ‘अंगणातला कस्तूर’ आणि ‘पट्टेवाला कस्तूर’ असा फरक करावा लागेल. अधिवास नावातच आला तर ओळखणे सोपे जाते.

प्रश्नकर्ता : पटले. मग रेड-विंग्ड ब्लॅकबर्ड? ब्लॅकबर्डलाही आपण कस्तूरच म्हणतो ना?

उत्तर : आपल्याकडच्या ब्लॅकबर्डला, हो. हा मात्र अमेरिका खंडातल्याच एका निराळ्या कुळातला. नर काळाभोर, पण पंख लाल नसतात. लाल असतो तो खांदा, खाली पिवळी किनार. म्हणून ‘लालखांद्या’. वसंतात दलदलीकाठच्या पाणकणसावर बसून, खांदे फुगवून ओरडत असतो. मादी तपकिरी, रेघारेघांची, थेट चिमणीसारखी. नवख्यांची फसगत होते ती इथेच. ठिकाण पाणथळ असेल आणि चोच लांब, टोकदार असेल तर ती हिचीच.

आणखी एक उत्तर : अमेरिकेतल्या टर्की व्हल्चरला ‘गिधाड’ म्हणायला माझी हरकत नाही. कूळ वेगळे असले तरी काम तेच, मेलेली जनावरे खायचे. आपली गिधाडे नजरेने शोधतात, हा वासानेही शोधतो. लाल, उघडे डोके, आणि घिरट्या घालताना पंख किंचित वर उचललेले. ‘लालडोक्या गिधाड’ मात्र म्हणू नका. त्या नावाला शोभेल असे लाल डोक्याचे गिधाड भारतात आधीच आहे. ‘अमेरिकन गिधाड’ म्हणावे, तर तिथे काळे गिधाडही आहे. मी ‘हुंगणारे गिधाड’ सुचवतो.