आयटीआय मशिनिस्ट, बेळगाव: एजंटाला साडेचार लाख द्यावेत की जर्मन शिकावं?

उद्यमबाग_व्हीएमसी

नमस्कार मंडळी. वय 27, गाव येळ्ळूर. सरकारी आयटीआयमधून मशिनिस्ट केलंय, दोन वर्षांचा. तेव्हापासून सहा वर्षं बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत व्हीएमसीवरच आहे, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं उभं मिलिंग मशीन. फाउंड्रीतनं पंप आणि व्हॉल्व्हच्या बॉड्या येतात, त्यांचं मशीनिंग. सेटिंग मीच करतो, ड्रॉइंग वाचतो, बोअर गेज, मायक्रोमीटर हातातलं आहे, मशीनच्या फानुक कंट्रोलवर प्रोग्रॅममध्ये बदल करता येतात. ओव्हरटाइम धरून महिन्याला पंचवीस हजाराच्या आसपास पडतात.

शहरातला एक एजंट म्हणतोय, जर्मनीत लावून देतो. साडेचार लाख, निम्मे आधी. भाषा लागत नाही, तिथं गेल्यावर आपोआप येते म्हणतो. आधी पोलंडचा व्हिसा काढायचा आणि तिथनं जर्मनीत कामाला जायचं, असं त्याचं सांगणं. बाबा म्हणतात, बासमतीचं दीड एकर आहे, उतारा सोसायटीत ठेवून कर्ज काढू. आई काहीच बोलत नाही आणि मला त्याचंच जास्त टेन्शन आलंय. बहिणीचं लग्न अजून व्हायचंय.

दुसरं म्हणजे मामेभाऊ कतारला आहे, तो तिकडं बोलवालाय. पण मला जमलं तर कायमचंच कुठंतरी स्थिर व्हायचंय. दोन वर्षं काम करून परत उद्यमबागेच्या गेटवर उभं राहायचं नाही. माझं शिक्षण मराठी माध्यमात, एसएसएलसी (दहावी) पास. इंग्रजी वाचलं तर कळतं, बोलताना अडखळतो. काय करावं समजेना झालंय. तिकडं गेलेल्या कुणी खरं काय ते सांगा.

कंग्राळी_ते_श्टुटगार्ट

भावा, उतारा घरातच राहू दे. बाबांना आजच सांग.

मी पण उद्यमबागेतनंच आलोय आणि इथं श्टुटगार्टजवळ मिलिंगवर काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. पोलंडच्या व्हिसावर जर्मनीत फिरायला येता येतं, नोकरी करता येत नाही. सापडलास तर परत पाठवतात आणि पुढचा व्हिसा कायमचा अवघड होऊन बसतो. एवढं एकच वाक्य त्या एजंटाला पुरे आहे.

आता तुझ्या हातात काय आहे ते बघ. जर्मनीनं जून 2024 पासून 'शान्सनकार्ट' नावाचं कार्ड सुरू केलंय. नोकरी शोधायला एक वर्षापर्यंत इथं राहता येतं आणि तेवढ्या काळात आठवड्याला 20 तास काम करायला परवानगी असते. त्याला दोन अटी आधी लागतात. एक, तुझ्या देशात सरकारमान्य असलेलं किमान दोन वर्षांचं प्रशिक्षण. मशिनिस्ट, टर्नर, फिटर दोन वर्षांचे, त्यामुळं तू बसतोस. वेल्डरचा कोर्स एक वर्षाचा असल्यानं आपली कितीतरी चांगली पोरं याच अटीत अडकतात, त्याचं मला फार वाईट वाटतं. तुझं सर्टिफिकेट सरकारमान्य आहे याचा दाखला बॉनमधल्या झेडएबी या कार्यालयाकडून ऑनलाइन मागवायचा. दुसरी अट भाषेची: जर्मन ए-वन किंवा इंग्रजी बी-टू (भाषेच्या पायऱ्या चढत्या क्रमानं ए-वन, ए-टू, बी-वन, बी-टू अशा असतात). म्हणजे 'भाषा लागत नाही' हे सरळ खोटं.

त्यानंतर सहा गुण जमवायचे. पस्तिशीच्या आत आहेस, 2 गुण. गेल्या सात वर्षांत आपल्याच कामाचा पाच वर्षांचा अनुभव, 3 गुण. झाले पाच. जर्मन ए-टू पास झालास की सहावा. तुझ्यात आणि त्या कार्डात फक्त एक परीक्षा उभी आहे आणि तू साडेचार लाख द्यायला निघालायस.

अडचण पैशाची आहे, ती लपवत नाही. इथं वर्षभर राहायला पैसे आहेत हे दाखवावं लागतं. 2025 साली महिन्याला 1,091 युरो असा हिशोब होता, बारा महिन्यांचे तेरा लाखांच्या पुढं जातात. पैसे तुझेच राहतात, ब्लॉक खात्यातनं महिन्याला सुटतात, पण आधी उभे करायला पाहिजेत. आपल्या घरांना ते परवडत नाही. म्हणून माझं मत वेगळं आहे. तू बेळगावात बसून ए-टू कर आणि तिथनंच कंपन्यांना अर्ज टाक. मार्च 2024 पासून आणखी एक वाट आहे: नोकरीचा करार हातात, ए-टू भाषा आणि दोन वर्षांचं प्रशिक्षण असेल तर आधी कामावर रुजू व्हायचं आणि सर्टिफिकेटची जर्मन मान्यता इथं आल्यावर कंपनीच्या मदतीनं पूर्ण करायची. पगार चालू असल्यामुळं ते तेरा लाख अडकवावे लागत नाहीत. जर्मन सरकारच्या 'मेक इट इन जर्मनी' साइटवर सगळं इंग्रजीत आहे, तिथं फुकट वाच. उत्तरं यायला वेळ लागतो. बरेच जण उत्तरच देत नाहीत. तरी टाकत राहा, विशेषतः गावाकडच्या लहान कंपन्यांना. त्यांना माणसं मिळत नाहीत.

कामाचं म्हणशील तर तुला घाबरायचं कारण नाही. ड्रॉइंगचं प्रोजेक्शन दोन्हीकडं फर्स्ट अँगलच, शतांश मिलिमीटर इथंही तेवढाच. फरक कंट्रोलमध्ये पडतो. फानुकपेक्षा सीमेन्स आणि हायडेनहाइन जास्त दिसतात. हायडेनहाइनच्या प्रोग्रॅमिंग स्टेशनची डेमो आवृत्ती कॉम्प्युटरवर फुकट मिळते, संध्याकाळी तासभर बसलास तर हात बसेल. खरी कसोटी शिफ्ट बदलताना लागते. समोर पुढच्या शिफ्टचा म्हातारा उभा असतो. चार नंबरच्या टूलचं इन्सर्ट उडालंय, नवीन घातलंय, ऑफसेट दोन शतांशानं कमी केलाय, पहिला जॉब मोजल्याशिवाय सायकल चालू करू नका, हे त्याला जर्मनमध्ये नीट सांगता आलं पाहिजे. नाहीतर त्याचा जॉब स्क्रॅप आणि तुझं नाव खराब. भाषा त्यासाठी शीक, परीक्षेपुरती नको.

पगार ऐकून हुरळू नकोस. एकट्या माणसाचा कर, पेन्शन, आरोग्य विमा कापून साधारण दोन तृतीयांश हातात येतो आणि त्यातनं घरभाडं जातं. पण तुझा मुद्दा स्थिर होण्याचा आहे म्हणून सांगतो: मान्यता मिळालेल्या कुशल कामगाराला तीन वर्षांनी कायमच्या वास्तव्याचा अर्ज करता येतो. त्याला बी-वन भाषा लागते आणि 36 महिने पेन्शन भरलेलं असावं लागतं. आखातात ही सोय आपल्यासारख्याला नाही.

खानापूरचा_काका

वरच्या पोरानं बरोबर लिहिलंय. कतारचं मी सांगतो, तिथं बरीच वर्षं काढून आलोय.

आखात वाईट नाही. माझं घर त्या पैशावर उभं आहे, दोन्ही पोरांची शिक्षणं झाली. पण तिथं आपण पाहुणेच. नोकरी संपली की गाव. तुला कायमचं राहायचं असेल तर ती वाट तुझी नव्हे.

तरी जायचं ठरलंच तर एवढं कर. एजंट सरकारकडं नोंदलेला आहे का ते ई-मायग्रेट साइटवर बघायचं. नोंदणीकृत एजंटाला तुझ्याकडून जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि त्यावर जीएसटी घेता येतो, तोही पावती देऊन. त्याच्यावर मागितलं की उठून यायचं. दहावी पास असल्यानं तुझ्या पासपोर्टला एमिग्रेशन क्लिअरन्स, म्हणजे परदेशी कामाला जायची सरकारी परवानगी, लागत नाही आणि नेमकं त्यामुळंच तुझ्यासारख्याची कागदं कुणी तपासत नाही. विमानतळापर्यंत सगळं सुरळीत, तिकडं उतरल्यावर करार वेगळा. आमच्यातल्या एकाला सुपरवायझर सांगून नेलं आणि हेल्परची सही घेतली. व्हिजिट व्हिसावर कामाला कधी जायचं नाही. माझ्या कंपनीनं आल्या आल्या पासपोर्ट ठेवून घेतला होता, कतारच्या कायद्यात ते चालत नाही तरी घेतला. भांडून परत मिळवला, पण वडील गेले तेव्हा तो माझ्या हातात नव्हता. म्हणून लिहालोय.

आणि आई गप्प आहे म्हणालास. तिच्याजवळ बसून बोल एकदा, फोन बाजूला ठेवून.

वडगावची_सिस्टर

दादा, मी जीएनएम नर्स आहे, जर्मनीसाठीच तयारी करतेय. आम्हाला भाषा तुमच्यापेक्षा जास्त लागते, सध्या बी-वनचा अभ्यास चालू आहे. बेळगावात राहून जमतं. क्लास ऑनलाइन, गोएथे संस्थेची जर्मनची परीक्षा पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात दिली. तारखा उघडल्या की जागा पटकन भरतात, त्यावर लक्ष ठेवा. आपल्याला मराठीचा फायदा होतो असं मला वाटतं, तीन लिंगं ऐकून इंग्रजीवाले घाबरतात, आपल्याला त्याची सवय आहे.

व्हिसासाठी मात्र पुणे-मुंबई नाही. आपला पत्ता कर्नाटकातला, त्यामुळं बेंगळुरूच्या जर्मन वकिलातीकडं जावं लागतं.

कागदांचं आत्तापासून बघा. माझ्या जन्मदाखल्यावर नाव कन्नडमध्ये, शाळेच्या दाखल्यावर मराठीत, मार्क्स कार्डवर इंग्रजीत, आणि प्रत्येकात वडिलांच्या नावाचं स्पेलिंग निराळं. एका ठिकाणी आडनावाऐवजी नुसतं आद्याक्षर. हे निस्तरायला भाषेपेक्षा जास्त फेऱ्या झाल्या. एसएसएलसी, आयटीआय, आधार, पासपोर्ट चारही समोर ठेवून एकेक अक्षर जुळवा. आणि कन्नड कागदांचं अधिकृत भाषांतर लागतं, त्याचे पैसे वेगळे धरा.

उद्यमबाग_व्हीएमसी

सगळ्यांचे मनापासून आभार. एजंटाला नाही म्हणून कळवलं. बाबांना कंग्राळीच्या दादांचं उत्तर वाचून दाखवलं, त्यांनी उतारा परत ट्रंकेत ठेवला. आई म्हणाली, भाषा शिकतोस तर रात्रपाळी सोड, नाहीतर आजारी पडशील. मालकांशी बोलून दिवसपाळी मागितली आहे.

एक शंका राहिली. सहा वर्षांतली पहिली दोन मी कॉन्ट्रॅक्टरकडून होतो. मशीन तेच, शेड तीच, पण पीएफ पासबुकात कॉन्ट्रॅक्टरचं नाव आहे. तो अनुभव धरतात का?

कंग्राळी_ते_श्टुटगार्ट

कॉन्ट्रॅक्टरकडून पत्र घे आणि कंपनीकडूनही घे. दोन्हींवर तारखा, मशीनचं नाव, काय काम करत होतास ते सविस्तर पाहिजे. नुसतं 'ऑपरेटर म्हणून काम केले' असं लिहून आणू नकोस. पीएफचं पासबुक सोबत जोड, म्हणजे तारखा जुळतात. आणि कॉन्ट्रॅक्टर बेळगावात आहे तोवर लगेच घे, हे लोक धंदा बंद करून कधी निघून जातील सांगता येत नाही. पत्राचा मसुदा मी आज रात्री टाकतो.