‘बॅक टू बेसिक्स’च्या दोन तबकड्यांपैकी खरी जुनी कोणती?

अंत्रुजकर (फोंडा):

नमस्कार. आमच्या श्रवणमंडळात दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी एकेक सभासद आपल्या आवडीचे काही ऐकवतो आणि त्यावर थोडे बोलतो. आजवर नाट्यपदे, अभंग आणि फार तर जुनी चित्रपटगीते एवढीच आमची धाव होती. या खेपेस पाळी माझी असून मी धाडस करून क्रिस्टिना अगिलेरा या अमेरिकन गायिकेचा २००६ सालचा ‘बॅक टू बेसिक्स’ हा दुहेरी अल्बम निवडला आहे. २००२ च्या ‘स्ट्रिप्ड’मध्ये केसांत काळ्या बटा आणि अंगावर बेताचेच कपडे घेऊन वावरणारी ही गायिका चार वर्षांनी रुपेरी-सोनेरी कुरळे केस, लालभडक ओठ आणि १९३०-४० च्या दशकांतील हॉलिवूड नटीचा थाट घेऊन आली, तेव्हा तिने स्वतःला ‘बेबी जेन’ असे नवे नावही लावून घेतले होते.

माझी अडचण पोशाखाची नसून कानाची आहे. पहिल्या तबकडीत १३ आणि दुसरीत ९ अशा एकूण २२ नोंदी आहेत. पहिलीवर डीजे प्रीमिअर आणि इतर हिप-हॉप वळणाच्या निर्मात्यांचा हात आहे, आणि तिच्यातील बरेचसे संगीत सोल, फंक व जॅझ या अमेरिकन संगीतप्रकारांच्या जुन्या ध्वनिमुद्रिकांतील तुकडे कापून, जोडून उभे केलेले आहे. दुसरी तबकडी निर्माती लिंडा पेरीने असे उसने तुकडे फारसे न घेता, वादकांना प्रत्यक्ष वाजवायला लावून घडवली. हिशेबाने दुसरी अधिक अस्सल वाटायला हवी; मला मात्र कापाकापी केलेली पहिलीच खरी जुनी वाटते आणि दुसरी नाटकी वाटते. हा माझ्या कानाचा दोष आहे की यामागे काही कारण आहे?

कर्णा_बारदेश:

आपला कान ठीक आहे. मी लग्नसमारंभांच्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवतो, त्यामुळे फुंकवाद्यांपुरते बोलतो.

पहिल्या तबकडीवरील ‘एन्ट नो अदर मॅन’ सुरू होताच जी पितळी वाद्ये अंगावर येतात, ती ‘हिप्पी स्किप्पी मून स्ट्रट’ या जुन्या लॅटिन सोल ध्वनिमुद्रिकेतून उचललेली आहेत. त्या काळी वादक एका खोलीत, मोजक्या मायक्रोफोनसमोर, टेपवर वाजवत. कोणाचा स्वर केसभर चढा असे, कोणाचा श्वास ओळ संपण्याआधीच सरे, भिंतीवरून परतलेला नादही त्याच टेपवर उतरे. निर्मात्याने तुकडा कापला तरी त्याबरोबर ती खोली आणि ते श्वास आपोआप येतात. प्रीमिअरने खाली नवा ठोका घातला, वर क्रिस्टिनाने आपला सगळा जोर ओतला, पण मधला थर मूळ काळातलाच राहिला.

दुसऱ्या तबकडीवरील ‘कँडीमॅन’मध्ये तसे नाही. त्याची चाल स्विंगची, म्हणजे जोडस्वरांतील पहिला लांबवायचा आणि दुसरा आखडायचा, आणि वादकांनी ती चोख पाळली आहे. इतकी चोख की कोठे घाम आलेला जाणवत नाही. त्याहून मोठी गोष्ट कंठांची आहे. १९४० च्या दशकातील अँड्र्यूज सिस्टर्स या तीन सख्ख्या बहिणींच्या गायकीला हे वंदन आहे. परंतु येथे तिन्ही गळे क्रिस्टिनाचेच, एकावर एक चढवलेले. दृश्यफितीतही सोनेरी, तांबड्या आणि गडद केसांच्या तिघी ती एकटीच झाली आहे. तीन बहिणींचे आवाज कितीही सारखे असले तरी प्रत्येकीची शब्द सोडण्याची वेळ किंचित निराळी असते आणि त्या फटीतूनच गोडवा झिरपतो. एकच गळा तिनदा लावला की फट बुजते.

तरीही नक्कल करणे हाच दोष आहे असे मी म्हणणार नाही. आमच्या हळदोण्याचे ट्रंपेटवादक चिक चॉकलेट यांना लोक अमेरिकन जॅझ ट्रंपेटवादकाच्या नावावरून भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत आणि १९५१ च्या ‘अलबेला’त ते आपल्या साथीदारांसह पडद्यावरही दिसतात, पण त्यांची नक्कल सी. रामचंद्रांच्या चालींत शिरताच एका वेगळ्याच मातीची झाली. माझा अनुभव सांगतो, आमच्या बँडमधला नवा सॅक्सोफोनवाला जुना फॉक्सट्रॉट (जोडीने नाचायची चाल) कागदावर लिहिल्याबरहुकूम वाजवतो तेव्हा म्हातारी जोडपी खुर्चीवरच बसून राहतात, आणि तो जरा रेंगाळला की उठून नाचू लागतात.

रंगपेटी (पेडणे):

आपण पोशाखाचा प्रश्न बाजूला ठेवलात, पण मी तो पुन्हा पुढे आणतो, कारण ३२ वर्षे मी जत्रेतील नाटकांची रंगभूषा करत आलो आहे. बालगंधर्वांच्या शालूंची आणि दागिन्यांची नक्कल घरोघरच्या बायका करत असत, म्हणून त्यांचे गाणे कमअस्सल ठरले नाही. वेषामुळे पद कोणत्या मनाने ऐकायचे हे प्रेक्षकाला आधीच कळत होते. तेव्हा केस रंगवले म्हणून कोणी या गायिकेला ढोंगी म्हणू नये. खटकते ते निराळेच आहे. रूप घेतले आहे जीन हार्लो आणि मेरिलिन मन्रो या गोऱ्या नट्यांचे, आणि गाण्याची गुरुपरंपरा सांगितली आहे बिली हॉलिडे, एटा जेम्स, अरीथा फ्रँकलिन या कृष्णवर्णीय गायिकांची. राजाचा फेटा आणि विदूषकाचे धोतर एकाच नटाला नेसवले, तर दोन्ही कपडे उत्तम असूनही पात्र उभे राहत नाही, तसे काहीसे येथे झाले आहे.

कुळागर:

रंगपेटी यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण ते पुरे नाही. एटा जेम्स यांनीही साठच्या दशकात आपले केस सोनेरी केले होते. म्हणजे गोऱ्या नट्यांचे रूप आणि कृष्णवर्णीय गायिकांचे गाणे या ज्या दोन दालनांविषयी आपण बोलता त्यांच्यामध्ये दार आधीपासूनच होते. शिवाय हे नाते एका अल्बमपुरते नव्हते. २०१२ च्या जानेवारीत एटा जेम्स यांच्या अंत्यविधीत ‘ॲट लास्ट’ गाण्यासाठी क्रिस्टिनाच उभी होती.

माझी तक्रार लांबीची आहे. पहिल्या तबकडीच्या शेवटी चाहत्यांचे ध्वनिसंदेश गुंफलेली जी नोंद आहे, ती वगळली असती तर कोणाचेही काही बिघडले नसते. २००६ च्याच ऑक्टोबरात एमी वाइनहाउस या ब्रिटिश गायिकेचा ‘बॅक टू ब्लॅक’ हा अल्बम आला. निर्माता मार्क रॉन्सनने त्यात डॅप-किंग्ज या वादकांना प्रत्यक्ष वाजवायला लावले, आणि तरी तो जुना वाटतो. तेव्हा उसना तुकडा चांगला आणि ताजे वादन वाईट असा नियम करू नये; ते वादक रोज त्याच वळणाचे वाजवत होते, एका गाण्यापुरते वेष बदलून आले नव्हते. आणि ‘हर्ट’ अवश्य ऐकवा. गेलेल्या वडिलांची क्षमा मागणारे ते गाणे जुने वाटत नाही, तसा त्याचा प्रयत्नही नाही. दुसऱ्या तबकडीवर मला तेच सर्वांत अधिक पटते.

अंत्रुजकर (फोंडा):

आपणा सर्वांचा मी ऋणी आहे. कर्णा_बारदेश यांनी लिहिलेले तिनदा वाचले आणि मग डोक्यावर हेडफोन लावून ‘कँडीमॅन’ ऐकले. फट खरोखरच बुजलेली आहे. रविवारचा क्रम आता असा ठेवतो की आधी ‘एन्ट नो अदर मॅन’, लगेच ‘कँडीमॅन’, त्यानंतर मंडळींना बोलू द्यायचे आणि शेवटी ‘हर्ट’.

मात्र एक गोष्ट मध्ये घालावी की नाही हे अजून ठरत नाही. दुसऱ्या तबकडीवर ‘आय गॉट ट्रबल’ नावाचे गाणे आहे, त्यात आवाज मुद्दाम चेपून बारीक केला आहे आणि मागे घासलेल्या तबकडीची खरखर घातली आहे. काल रात्री ते घरी लावले असता बाबा स्वयंपाकघरातून भाजीचा चमचा हातात घेऊनच आले, ध्वनिक्षेपकाला कान लावून क्षणभर थांबले आणि म्हणाले, “सुई झिजली आहे, बदलून घे.” आमच्या घरातून सुईचे यंत्र जाऊन १५ वर्षे झाली. ते गाणे मंडळात आधी काहीही न सांगता लावावे, असा विचार आहे.