डोनरची माहिती मागणं चूक आहे का?

सायली_३१:
बीपी वाढलं म्हणून डॉक्टरांनी फॅमिली हिस्टरीचा फॉर्म दिला. वडिलांच्या रकान्यात मी आजोबांचा डायबेटिस लिहायला लागले तर आईने पेन धरलं, म्हणाली ते लिहू नकोस, आणि रडायलाच लागली. मी डोनर स्पर्मपासून झालेय हे मला असं कळलं. बाबा माझे बाबाच आहेत, त्यात काडीचाही फरक नाही. पण अर्धा फॉर्म कोराच राहिला ना. आई म्हणते त्या माणसाला नाव गुप्त ठेवायचा शब्द दिलाय, आता उकरून काय मिळणार. मी मागणं चूक आहे का?

रानवारा:
अजिबात चूक नाही. स्वीडनने हा हक्क १९८५ लाच कायद्यात आणला. ब्रिटनमध्ये १ एप्रिल २००५ नंतरच्या डोनरचं नाव, जन्मतारीख, शेवटचा पत्ता मुलाला १८ व्या वर्षी मागता येतो. आणि ही माहिती मागितली म्हणजे डोनरवर पैशाची किंवा पालकत्वाची जबाबदारी येते असंही नाही, लोक उगाच घाबरतात.

माधव_का:
पण ज्याने गुप्ततेच्या अटीवरच दिलं त्याचं काय? आज त्याचाही संसार असेल, बायकोला माहीतही नसेल. शब्द म्हणजे शब्द.

दुर्वा:
माधवदादा, तो शब्द मोठ्यांनी आपापसात दिला, जिच्याबद्दल दिला तिला कुणी विचारलंच नाही. आणि तो आता पाळता तरी कुठे येतो, डोनरने स्वतः डीएनए टेस्ट करायचीही गरज नाही, त्याच्या एखाद्या चुलत भावाने केली तरी धागा लागतो. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने २०१७ मध्ये जुन्या डोनरांची नावंसुद्धा खुली केली, पण डोनरला संपर्क नको असेल तर तसं नोंदवता येतं. मला हा मार्ग पटतो, कारण नाव कळणं वेगळं आणि दारात जाऊन उभं राहणं वेगळं.

सायली, नावाचं नंतर बघ, आधी क्लिनिकला लेखी पत्र दे की माझी फाइल नष्ट करू नका. जुने कागद गेले की कितीही चांगला कायदा आला तरी उपयोग नाही. त्यातच डोनरचे आजार आणि त्याच्यापासून अजून किती मुलं झाली ते विचार.

सायली_३१:
भावंडांचा विचार डोक्यातच आला नव्हता. पत्र आईच्या सहीने जावं की माझ्या?

दुर्वा:
दोघींच्या. उपचार तिच्या नावावर होते, फाइल तिच्याच नावाने सापडेल. आणि पाठवायच्या आधी बाबांशी बोल, त्यांना बाहेरून कळायला नको.