बोले ठरावाने नेमकं बदललं काय?

चवदार तळ्याबद्दल वाचताना सारखा बोले ठराव येतो, पण पुस्तकात एकच ओळ. कुणी नीट सांगेल का?

>> सीताराम केशव बोले, मुंबई कायदेमंडळाचे सदस्य. १९२३ साली त्यांनी ठराव मांडला की सरकारी पैशातून बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करा, आणि तो पास झाला. महाड नगरपालिकेनेही तळं खुलं केलं, पण फक्त कागदावर, म्हणून तर १९२७ ला बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला.

>> बरोबर, पण बोले तिथेच थांबले नाहीत हे कुणी सांगतच नाही! १९२६ ला परत ठराव आणला, जी नगरपालिका अंमल करणार नाही तिचं अनुदान बंद करा म्हणून. मला हाच माणूस मोठा वाटतो, ठराव करून टाळ्या घेणारे खूप असतात हो.

>> माझी आजी सांगायची, विहिरीवर कळशी खाली ठेवून तासन्तास उभं राहायचं, कुणी वरून ओतलं तर पाणी. म्हणून ताई, ती एक ओळ नीट वाचा.

>> वाचते दादा. १९२६ चं खरंच माहीत नव्हतं, धन्यवाद.