मदत हवी आहे : जप्तीचा जुना हुकूम कसा शोधायचा?

१९३४ची देवस्थानविरोधी मराठी पुस्तिका पुन्हा छापतोय. डेमी १/८ आकार, ११२ पानं म्हणजे सोळा-सोळा पानांचे सात फॉर्म, ३०० प्रती, त्यामुळे डिजिटल छपाईच परवडते. लेखक १९६१ला वारले, म्हणजे ६० वर्षांचा लेखनहक्क (कॉपीराइट) २०२१अखेर संपला. प्रस्तावनाकार १९७४ला गेले, म्हणून प्रस्तावना वगळली. स्कॅन ४०० डीपीआय, पण मूळ छपाईच्या झिजलेल्या खिळ्यांमुळे ओसीआर (स्कॅनमधली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर) अनुस्वार गाळतो. शेवटी मजकूर हातानेच टाइप केला. मजकूर गाळणार नाही.

छापखाना अडलाय : तेव्हा १८९८च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ९९अ खाली (सरकारला पुस्तकं जप्त करू देणारं कलम) या पुस्तिकेची जप्ती झाली होती, असं ऐकिवात आहे. मुंबई पुराभिलेखागारात गृह खात्याच्या (विशेष) फाइलींची सूची पाहिली, नुसत्या नावावरून काही सापडलं नाही. राजपत्राचा नेमका कुठला भाग चाळायचा? आणि हुकूम निघालाच, तर तो आजही लागू धरतात का?